तिरक्या अक्षराचे प्रश्न : सेरिफ इटॅलिक कुठं शोभतं, कुठं नाही

सांगलीत आमचं डीटीपी आणि डिझाईनचं लहानसं दुकान आहे. लग्नपत्रिका, लेटरहेड, बेदाण्याची पाकिटं, नाटकाची तिकिटं, जे येईल ते करतो. गेल्या काही वर्षांत एक वाक्य जवळपास रोज कानावर पडतं : "तो तिरका, बारीक, स्टायलिश फाँट टाका की." सोबत मोबाईलवर पुण्यामुंबईच्या कुणाच्या तरी लग्नाची पत्रिका उघडून दाखवतात. त्याला सेरिफ इटॅलिक म्हणतात, एवढं सांगून भागत नाही. मग प्रश्न सुरू होतात. प्रत्येकाला तोंडी सांगून घसा बसायला लागला, म्हणून एकदाचं लिहून ठेवलं.

इटॅलिक म्हणजे सरळ अक्षर तिरकं केलेलं, बरोबर?

सगळी गफलत इथंच होते. इंग्रजीतला स्मॉल 'ए' बघा. पुस्तकातल्या सरळ 'ए'ला दोन मजले असतात : खाली पोट, वर वाकलेली छत्री. इटॅलिकमध्ये तोच 'ए' एकमजली होतो, पहिलीतली पोरं वहीत काढतात तसा. 'एफ' सरळ असताना ओळीवर उभा असतो, इटॅलिकमध्ये बहुतेक वेळा त्याची शेपटी ओळीखाली उतरते. 'ई'चा आडवा दांडा वळून पोटात मिसळतो. 'के' आणि 'झेड' तर काही फाँटमध्ये असा लपेटा घेतात की ओळखायला क्षणभर थांबावं लागतं. अक्षरं अंगानं अरुंद होतात, एकमेकांना खेटून बसतात, आणि प्रत्येक अक्षरात शिरताना-निघताना लेखणीची हलकी ओढ दिसते.

थोडक्यात, हात बदलतो. सरळ अक्षरामागे दगडावर कोरणारा आणि सावकाश पोथी उतरवणारा माणूस आहे. इटॅलिकमागे भरभर पत्र लिहिणारा. तिरकेपणा हा त्या वेगाचा परिणाम. म्हणून तो काढून घेतला तरी वळण शिल्लक राहतं : 'कॉर्मोरंट अपराइट' नावाचा फाँट बघा, अक्षरं ताठ उभी, पण चाल सगळी इटॅलिकची. याच्या उलट, सरळ अक्षर नुसतं कलतं केलं तर त्याला ऑब्लिक म्हणतात. बिनसेरिफच्या बऱ्याच फाँटमध्ये तेवढंच केलेलं असतं, आणि तिथं ते खपूनही जातं. सेरिफला ते शोभत नाही.

सेरिफ म्हणजे?

अक्षराच्या दांड्याच्या टोकाला असलेली छोटी पावलं. वर्तमानपत्रातल्या इंग्रजीला असतात, मोबाईलच्या मेनूतल्या इंग्रजीला बहुधा नसतात. इटॅलिकमध्ये बऱ्याच अक्षरांची ही पावलं जाऊन त्यांच्या जागी लेखणीची टोकं येतात.

हे अक्षर आलं कुठून?

नावातच आहे, इटलीतून. पंधराव्या शतकात तिथले विद्वान जुन्या लॅटिन पोथ्या उतरवून घेत होते. फ्लॉरेन्सचे निक्कोलो निक्कोली यांच्यासारख्यांनी त्यासाठी झरझर लिहायचं एक कलतं वळण रुळवलं. व्हेनिसचे छापखानदार आल्दुस मानुतियुस यांनी ते वळण धातूत आणायचं ठरवलं. त्यांचा ठसे कोरणारा होता फ्रांचेस्को ग्रिफ्फो. १५०० साली एका पुस्तकातल्या चित्रात मोजके शब्द या टाईपात उमटले, आणि १५०१ मध्ये कवी व्हर्जिलचं अख्खं पुस्तक त्यात छापून बाहेर पडलं. पुस्तक हातात मावेल एवढं लहान होतं. तोवर अशा ग्रंथांचे ठोकळे मेजावर ठेवून वाचायचे.

या पहिल्या इटॅलिकमध्ये कॅपिटल अक्षरं सरळ आणि लहान होती, फक्त स्मॉल अक्षरं तिरकी. कॅपिटलं तिरकी करायची पद्धत नंतर पडली. दुसरं असं, की मजकुरातल्या एखाद्या शब्दावर जोर द्यायला इटॅलिक वापरतात, हे तेव्हा कुणाच्या डोक्यातही नव्हतं. पूर्ण पुस्तक इटॅलिक, नाहीतर पूर्ण सरळ. आल्दुस यांनी या टाईपाचा हक्क व्हेनिसच्या सरकारकडून मिळवला, तरी फ्रान्समधल्या लियाँच्या छापखान्यांनी नक्कल करायची ती केलीच. ग्रिफ्फोचं आणि मालकाचं पुढं बिनसलं आणि तो दुसऱ्याकडं कामाला गेला. आमच्या धंद्यात पाचशे वर्षांत फार काही बदललं नाही, असं आपलं मला वाटतं.

मग सरळ आणि इटॅलिक एकाच फाँटच्या कुटुंबात कसे आले?

लग्न जुळवल्यासारखे. सोळाव्या शतकात फ्रान्समध्ये क्लोद गारामाँ यांची सरळ अक्षरं नावाजली गेली आणि रोबेर ग्रांजों यांची इटॅलिकं. छापखाने एकाकडून हे घ्यायचे, दुसऱ्याकडून ते. आज फुकट मिळणारा 'ईबी गॅरामाँड' फाँट १५९२ सालच्या एका नमुनापत्रावरून केलाय. त्यातलं सरळ अक्षर गारामाँचं, इटॅलिक ग्रांजोंचं. फाँटला नाव मात्र एकाचंच. म्हणून तुम्ही जे "गॅरामाँडचं तिरकं" म्हणून कौतुकानं दाखवता, ते पुष्कळदा ग्रांजोंचं असतं.

पुढं एकाच माणसानं दोन्ही काढायची रीत पडली. १९२६ मध्ये इंग्लंडचे टाईपतज्ज्ञ स्टॅन्ली मॉरिसन यांनी असं मांडलं, की इटॅलिकनं फार नखरे न करता सरळ अक्षरच थोडं कलतं करावं. पुढं 'टाइम्स न्यू रोमन' त्यांच्याच देखरेखीखाली झाला आणि १९३२ मध्ये लंडनच्या 'द टाइम्स'मध्ये वापरात आला. त्याचं इटॅलिक उघडून बघा : 'ए' एकमजली, 'एफ'ची शेपटी खाली, सगळं परंपरेप्रमाणे! स्वतःचंच म्हणणं त्यांना शेवटी पाळता आलं नाही. मला त्यात बरं वाटतं.

मराठीला इटॅलिक आहे का?

हा प्रश्न कुणी विचारला की हातातलं काम बाजूला ठेवून मी बोलत बसतो, आणि दुकानातली पोरं एकमेकांकडं बघून हसतात.

इंग्रजीत इटॅलिक जे करतं, ते मराठीत करणारी स्वतंत्र लिपीच होती : मोडी. बाळबोध म्हणजे आपली देवनागरी, पोथ्या-पुराणांची, उभी, सावकाश. मोडी दप्तराची, हिशेबाची, पत्रव्यवहाराची. आधी कागदभर आडव्या रेघा ओढून घ्यायच्या आणि मग त्या रेघांना अक्षरं टांगत, बोरू शक्य तितका कमी उचलत पळायचं. अक्षरं कलतात, वळतात, एकमेकांत अडकतात. व्हेनिसच्या कारकुनाची आणि पेशव्यांच्या फडातल्या कारकुनाची अडचण एकच होती, हात लवकर चालायला हवा. दोघांना उत्तरं वेगवेगळी सापडली.

फरक छपाईत पडला. इटलीत भरभर लिहायचं वळण १५०१ मध्ये धातूत आलं आणि सरळ अक्षराच्या शेजारी जाऊन बसलं. आपल्याकडं तसं झालं नाही. आपल्या जिल्ह्याचीच गोष्ट सांगतो : मिरजेत १८०५ साली तांब्याच्या पत्र्यावर अक्षरं कोरून भगवद्गीता छापली गेली. काम मुळात नाना फडणविसांच्या काळात पुण्यात सुरू झालेलं. ते पत्रे कोरणारा तांबट पुढं मिरजेला आला आणि गंगाधरराव पटवर्धनांच्या आश्रयानं ते पुरं झालं. गीता आहे म्हटल्यावर अक्षर बाळबोधच. तिकडं बंगालमध्ये श्रीरामपूरला विल्यम केरी यांनी १८१० मध्ये मराठीचा कोश काढला, तो मोडी टाईपात. म्हणजे मोडीचे खिळे, छपाईचे धातूचे ठसे, पाडले गेले होते. पण पुढं मुंबईच्या छापखान्यांनी, विशेषतः जावजी दादाजींच्या निर्णयसागरनं, देवनागरीचे इतके देखणे खिळे घडवले की मराठी छपाई म्हणजे बाळबोध हे समीकरण पक्कं झालं. मोडी दप्तरातच राहिली. २०१४ मध्ये ती युनिकोडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या अक्षरांच्या जागतिक यादीत, आली, तोवर वाचणारे थोडेच उरले होते.

त्यामुळं दोन वळणं एका ओळीत शेजारी बसवायची सवय आपल्या छपाईला लागलीच नाही. जोर द्यायचा तर आपण ठळक करतो, पुस्तकाचं नाव एकेरी अवतरणात घालतो, फारच झालं तर अधोरेखित करतो. तेवढ्यात आपलं भागतं.

पण कंट्रोल-आय दाबलं की मराठी तिरकी होते ना?

होते. झाड वाऱ्यानं कलतं तशी. तुमच्या फाँटमध्ये तिरकी अक्षरं काढलेलीच नसतील, तर सॉफ्टवेअर सरळ अक्षर वरच्या बाजूनं दहा-पंधरा अंश उजवीकडं ढकलतं.

काय बिघडतं ते 'सर्व' या एका शब्दात दिसतं. मोठा करून बघा. 'व'चं पोट गोल होतं, ते दाबलेल्या अंड्यासारखं होतं. बोरूच्या कापाप्रमाणं जिथं रेघ जाड हवी तिथं ती बारीक पडते, जिथं बारीक हवी तिथं फुगते. शिरोरेषा आडवीच राहते, कारण ढकलणं आडवं असतं, पण खालचे दांडे कलल्यामुळं अक्षरं रेषेला टांगल्याऐवजी रेषेवरून घसरल्यासारखी वाटतात. रफार सगळ्यात वर, म्हणून सगळ्यात जास्त सरकतो. पुढं आणखी अक्षर असेल, जसं 'सर्वांना', तर तो थेट पुढच्या अक्षराच्या हद्दीत जातो. वेलांट्यांचंही तेच. 'किती'सारख्या शब्दात पहिली वेलांटी 'क'वर असल्यासारखी वाटतच नाही.

इंग्रजीतसुद्धा हा प्रकार चालतो. फाँटची फक्त सरळ फाईल इन्स्टॉल असेल आणि इटॅलिकची नसेल, तर प्रोग्राम गुपचूप खोटं इटॅलिक दाखवतो. ओळखायची खूण : स्मॉल 'ए' दोनमजलीच राहिला असेल तर संशय घ्या.

मराठीत खरंच कलतं, हातानं लिहिल्यासारखं काही हवं असेल तर 'कलम'सारखा हस्ताक्षरी वळणाचा फाँट घ्या, किंवा सरळ सुलेखन करणाऱ्याकडून ते दोन शब्द लिहून घ्या. 'शुभविवाह' एवढा एक शब्द बोरूनं लिहून घ्यायला किती खर्च येतो?

तुम्ही स्वतः सगळ्यात जास्त कुठला वापरता?

कॉर्मोरंट. झुरिकचे ख्रिस्तियन थालमान यांनी केलेला. शिक्षणानं हा माणूस खगोलशास्त्रज्ञ. गारामाँच्या अक्षरांवरून स्फूर्ती घेतली, पण नक्कल न करता मोठ्या आकारात बघायचं अक्षर म्हणून नव्यानं काढला. फुकट आहे आणि धंद्यासाठी वापरायला मोकळा आहे.

त्याचं इटॅलिक फार नाजूक. स्मॉल अक्षरांचं अंग लहान, वरचे-खालचे दांडे लांब, त्यामुळं ओळींमध्ये हवा खेळते. जाड-बारीक रेघांतला फरक ठसठशीत. कॅपिटल 'क्यू'ची शेपटी पुढच्या अक्षराखाली पसरते ती तर एकदा बघाच. कॉर्मोरंट म्हणजे आपला पाणकावळा. कृष्णेच्या बंधाऱ्यावर सकाळी पंख पसरून वाळवत बसलेला असतो तो. मान लांब, अंग सडपातळ, टोकाशी वाकलेली चोच. थालमान यांनी नाव का ठेवलं ते त्यांना ठाऊक. मला मात्र 'एफ' बघितला की बंधारा आठवतो.

तोच सगळीकडं चालतो असं मात्र नाही. लहान आकारात त्याचा जीव जातो. बारीक मजकुराला ईबी गॅरामाँड किंवा 'लोरा'चं इटॅलिक जास्त टिकतं. जरा भरदार, जाहिरातीसारखं हवं असेल तर 'प्लेफेअर डिस्प्ले'. त्याचा बाज अठराव्या शतकातल्या बास्करव्हिलच्या काळाचा आहे, फाँट मात्र अलीकडचा.

लग्नपत्रिकेत नेमकं कुठं टाकायचं?

वधूवरांची इंग्रजी नावं. बस्स, खरं तर एवढ्यावर थांबलात तरी पत्रिका देखणी होते. फार तर वर एखादी ओळ आणि मध्ये दोन नावांची आद्याक्षरं.

बाकीचं, म्हणजे स्थळ, मुहूर्त, कार्यालयाचा पत्ता, 'आपले विनीत'खालची तीस नावं, हे सरळ अक्षरात. लोकांना तिथं पोहोचायचं असतं. मुहूर्ताचे आकडे तर इटॅलिकमध्ये देऊच नका. बऱ्याच अभिजात फाँटमध्ये जुन्या धाटणीचे आकडे असतात, काही ओळीखाली लोंबणारे, काही बुटके. त्यातला 'एक'चा आकडा बुटक्या 'आय'सारखा आणि शून्य 'ओ'सारखं दिसतं. 'सकाळी १० वाजून ११ मिनिटे' हे इंग्रजी आकड्यांत असं छापलं, तर पाहुणे फोन करकरून विचारतात.

मराठी आणि इंग्रजी शेजारी येतात तेव्हा?

मराठी सरळ ठेवा, इंग्रजी इटॅलिक. दोघं एकमेकांची नक्कल करायला गेले की दोघंही बिघडतात.

जुळवायचं ते जाड-बारीक रेघांचं नातं. कॉर्मोरंटशेजारी एकसारख्या जाडीच्या रेघांचा मराठी फाँट ठेवला तर तो रेशमी साडीवर रबरी चप्पल घातल्यासारखा दिसतो. आम्ही बहुधा 'तिरो देवनागरी मराठी' घेतो. त्यात बोरूचा जाड-बारीकपणा जपलाय, आणि ल पाकळीचा, श देठाचा, म्हणजे आपल्या वळणाचे मिळतात. हिंदी धाटणीचा ल पत्रिकेवर आला की निदान माझ्या डोळ्यात खुपतो. विंडोजमध्ये बरीच वर्षं आपोआप यायचा तो 'मंगल' र. कृ. जोशींचा. पडद्यावर वाचायला केलेलं ते अक्षर आहे, सणासुदीला नेसवू नका.

आकाराचं बघायचं तर एकाच पॉइंटला, म्हणजे अक्षराच्या एकाच मापाला, मराठी मोठी दिसते, कारण कॉर्मोरंटचं अंगच लहान. आम्ही इंग्रजी साधारण पंधरा-वीस टक्के वाढवतो आणि मग डोळ्यानं ठरवतो. डोळे बारीक करून लांबून बघायचं : दोन्ही ओळी सारख्याच करड्या दिसल्या की जमलं.

हे जोड्यातलं 'आणि'चं चिन्ह इतकं विचित्र का?

दोन नावांमध्ये येतं ते अँपरसँड (&). लॅटिनमध्ये 'आणि'ला 'एत' म्हणतात. त्यातला ई आणि टी एकत्र गुंफून हे चिन्ह झालं. सरळ फाँटमध्ये ती गुंफण ओळखू येत नाही. इटॅलिकमध्ये मात्र लेखणी मोकळी सुटते आणि ई-टी दोन्ही दिसतात, वर लपेटा.

एका गिऱ्हाइकानं प्रूफ बघून विचारलं होतं, "मधी हा गणपती काढलाय तो छान आहे, पण 'अँड' कुठाय?" मी समजावून सांगितलं. ते थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "असू दे, गणपतीच म्हणू आम्ही." गणपतीच्या सांगलीत यावर मी काय बोलणार? पत्रिका तशीच छापली.

सगळी अक्षरं कॅपिटल केली तर जास्त उठून दिसेल?

नाही. इटॅलिकचा जीव स्मॉल अक्षरांत आहे. सगळी कॅपिटलं तिरकी केली की दारूच्या बाटलीवरचं लेबल होतं. आणि शेपट्यांची म्हणजे स्वॅश कॅपिटलं असतील तर एका शब्दात एकच, पहिली. प्रत्येक अक्षराला शेपटी दिली की माकडांची रांग दिसते.

फॉइल, स्क्रीन, ऑफसेट : छपाईत काय सांभाळायचं?

इथं मी स्वतः पैसे घालवून शिकलो. सुरुवातीच्या काळात एका पत्रिकेवर नावं कॉर्मोरंटच्या सगळ्यात हलक्या वजनात, म्हणजे सगळ्यात बारीक रेघांत, लहान आकारात टाकली आणि सोनेरी फॉइलला दिली. पडद्यावर स्वर्गीय दिसत होती. गठ्ठा आला तेव्हा निम्म्या पत्रिकांत 'एन'चे दोन दांडे होते, त्यांना जोडणारी कमान गायब. 'ई'ची पोटं भरून गेलेली. वधूचं नाव कुणाला वाचता येईना. नव्यानं छापून दिल्या, माझ्या खर्चानं. चूक छापणाऱ्याची नव्हती, एवढी बारीक रेघ ब्लॉकवर टिकणारच नव्हती.

तेव्हापासूनचे आमचे ठोकताळे : फॉइलला मीडियम किंवा सेमीबोल्ड वजन, आणि अठरा पॉइंटच्या खाली जायचं नाही. स्क्रीन प्रिंटिंगला कापडाची जाळी असते, केसासारखी रेघ तीत तुटते, म्हणून तिथंही वजन वाढवायचं. खडबडीत, टेक्श्चरच्या कागदावर आणखी थोडं. ऑफसेटला गुळगुळीत आर्ट पेपरवर बारीक रेघ चांगली येते, पण ती एकाच शाईत असावी. चार रंगांच्या ठिपक्यांतून केलेला तपकिरी रंग बारीक इटॅलिकला दिला, की रंग तसूभर सरकले तरी अक्षराला सावली पडते. गडद पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरं हवी असतील तर अजून सावध राहा, शाई चारी बाजूंनी आत पसरते आणि आधीच बारीक असलेली रेघ गिळते.

दुकानाच्या बोर्डाला चालेल?

जवळून बघायच्या बोर्डाला चालेल. काचेवर, बिलाच्या काउंटरमागं, आत. रस्त्यावरच्या बोर्डाला शक्यतो नको. विश्रामबागच्या बाजूला एका बुटिकचा बोर्ड आम्ही असा केला होता. लावून झाल्यावर मालकीणबाईंचा फोन : "दादा, बोर्ड झकास आहे, पण रस्त्याच्या पलीकडून कोरा दिसतोय." जाऊन बघितलं, खरंच. जाड दांडे तेवढे दिसत होते, पावसाच्या रेघांसारखे. शेवटी नाव जाड सरळ अक्षरात केलं आणि इटॅलिक खालच्या छोट्या ओळीत नेलं.

हळद, बेदाणा, भडंगाच्या पाकिटावर?

ब्रँडच्या नावाला किंवा त्याखालच्या एका ओळीला छान दिसतं. सांगलीच्या बेदाण्याला आणि हळदीला भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून पाकिटं जरा उंची दिसावीत असं सगळ्यांनाच वाटतं, आणि इटॅलिक ते काम स्वस्तात करतं. पण वजन, किंमत, घटक, पॅकिंगची तारीख ही सरळ, ठळक अक्षरातच. वजनाच्या आकड्यांची किमान उंची नियमात ठरलेली आहे, तिथं सौंदर्याला वाव नाही. शिवाय प्लॅस्टिकच्या पिशवीवरची छपाई कागदाइतकी नेमकी येत नाही, आणि पिशवी चुरगळते.

रुपयाचं चिन्ह आधी तपासा. ते २०१० मध्ये ठरलं, त्याआधीच्या फाँटमध्ये ते नसतंच. मग सॉफ्टवेअर दुसऱ्याच फाँटमधून उचलतं आणि नाजूक इटॅलिक आकड्यांपुढं एक ठोंब्या चिन्ह उभं राहतं.

कॉलेजच्या प्रबंधात इटॅलिक कुठं लागतं?

इंग्रजी प्रबंधात पुस्तकांची आणि नियतकालिकांची नावं, परभाषेतले शब्द, गणितातली चलं, आणि प्राण्या-वनस्पतींची शास्त्रीय नावं. हळदीवर काम करणारी मुलं आमच्याकडं बरीच येतात, त्यांना सांगून ठेवतो : 'कुर्कुमा लाँगा' दोन्ही शब्द इटॅलिक, पहिल्याचं पहिलं अक्षर कॅपिटल, दुसऱ्याचं स्मॉल. आधीच इटॅलिक असलेल्या शीर्षकात ते नाव आलं तर ते उलट सरळ करायचं. मराठी प्रबंधात नाव देवनागरीत असेल तर तिरकं करू नका, कंसात किंवा अवतरणात द्या.

पूर्ण पानभर इटॅलिक चालेल का?

आल्दुस यांनी पुस्तकंच्या पुस्तकं छापली, पण त्या वाचकांचे डोळे हस्तलिखितांवर पोसलेले होते. आपण चार-सहा ओळींपुढं दमतो. कविता, अर्पणपत्रिका, पत्रातला उतारा, निमंत्रणातलं एक वाक्य, एवढं ठीक. ओळींतलं अंतर नेहमीपेक्षा थोडं जास्त ठेवा.

व्हॉट्सअ‍ॅपवर ते फॅन्सी इंग्रजी मिळतं, ते इथं पेस्ट करू का?

नको. तशी अक्षरं बनवून देणारं ॲप फाँट देत नाही. गणितासाठी युनिकोडमध्ये ठेवलेली तिरकी चिन्हं तुमच्या अक्षरांच्या जागी घालतं. माणसाला 'एस' दिसतो, कॉम्प्युटरला तो गणितातलं चिन्ह वाटतो. आमच्या फाँटमध्ये तिथं चौकोन येतात, सर्चमध्ये नाव सापडत नाही, आणि अंधांसाठी वाचून दाखवणारं ॲप अडखळतं. साधं टाईप करून पाठवा, नटवायचं काम आमचं.

फुकटचे फाँट वापरणं कायदेशीर आहे का? आणि फाईल कशी पाठवू?

कॉर्मोरंट, ईबी गॅरामाँड, तिरो वगैरे ओपन फाँट लायसन्सखाली आहेत. छापा, लोगो करा, पैसे कमवा. फक्त फाँटची फाईल सुटी विकायची नाही. इंटरनेटवर कुठूनतरी उतरवलेला महागडा फाँट घेऊन आलात तर त्याचा लोगो आम्ही करत नाही, उद्या धंदा वाढला की निस्तरावं लागतं.

फाईल दुसऱ्या छापखान्यात जाणार असेल तर कर्व्ह करून, म्हणजे अक्षरांचं चित्रात रूपांतर करून, द्या. नाहीतर त्यांच्याकडं इटॅलिकची फाईल नसते, उघडताना दुसरंच अक्षर येतं आणि तुमचा गणपती साधा 'अँड' होऊन छापला जातो. कर्व्ह करण्याआधीची एक प्रत मात्र ठेवा. नंतर स्पेलिंग सुधारता येत नाही.

प्रूफ बघायला येताना काय आणू?

नावांची इंग्रजी स्पेलिंगं कागदावर लिहून आणा, दोन्हीकडच्यांनी वाचून सही केलेली. कागद ठरला असेल तर त्याचा तुकडा. आणि जमलं तर घरातले आजोबा किंवा आजी. प्रूफ मी त्यांच्या हातात देतो, ट्यूबलाइटखाली, नेहमीच्या चष्म्यानं. नाव त्यांना न अडखळता वाचता आलं की छपाईला टाकतो. अडखळले तर एक वजन वाढवतो आणि तोवर चहा सांगतो.